महाराष्ट्र एक्सप्रेसची दोन टोकं

पोस्ट लांब आहे. राजकारणाची नाही, पण शेवटपर्यंत वाचा ही विनंती.

मागच्या महिन्यात नातेवाइकांना सोडायला सकाळी गोंदिया स्टेशनवर गेलो होतो. महाराष्ट्र एक्सप्रेस लागलेली होती. जनरल डब्याजवळ नेहमीची गर्दी. पाठीवर बॅगा, हातात पाण्याच्या बाटल्या, कुणाच्या डोक्यावर तांदळाचं अर्धं पोतं. आपल्या जिल्ह्यातली पोरं पुण्याकडे कंपनीत कामाला निघाली की स्टेशनवर असंच चित्र असतं. त्या गर्दीतून एकाने हाक मारली, "नमस्ते भाऊ. ओळखलं का?"

मी नाही ओळखलं. वीस-एकवीस वर्षांचा पोट्टा. तो म्हणाला, "फुटबॉलवाला. तुम्ही शाळेत आले होते पहा, फोटो काढाले."

मग आठवलं. त्याचं नाव इथे लिहीत नाही, गावही नाही. अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं एक गाव, एवढं पुरे.

ती तारीख माझ्या लक्षात आहे. १५ सप्टेंबर २०१७. भारतात सतरा वर्षांखालच्या मुलांचा फुटबॉल वर्ल्ड कप व्हायचा होता आणि त्याआधी राज्य सरकारने 'महाराष्ट्र मिशन वन मिलियन' नावाचा कार्यक्रम ठेवला होता. एकाच दिवशी राज्यातल्या दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळायचा. शाळाशाळांत नवे कोरे बॉल पोहोचले होते. मी कव्हर करायला गेलो. पावसाने मैदानात चिखल, कडेला गावकरी, मधात पाहुणे. पाहुण्यांनी पांढऱ्या बुटाने बॉलला लाथ मारली, पहिल्यांदा हुकली, दुसऱ्यांदा लागली. मी तोच क्षण टिपला. दुसऱ्या दिवशी चार कॉलम फोटो.

पाहुण्यांच्या गाड्या गेल्यावर पोरं खरं खेळली. अनवाणी. मी चहा घेत उभा होतो. फुटबॉलमधलं मला तेव्हा ओ की ठो कळत नव्हतं, पण एक पोट्टा वेगळा आहे एवढं दिसत होतं. बाकी सगळे बॉलच्या मागे गोळ्याने पळायचे. हा पळत नव्हता. बॉल पायाशी येण्याच्या आधीच मान वळवून पाहायचा, कोण कुठे मोकळा आहे. बॉल आला की एका टोल्यात तिकडे. त्यांचे गुरुजी म्हणाले, "हा मधात खेळते. सातवीत आहे. याले कोणं शिकवलं नाही."

चार-पाच दिवसांनी त्याचे वडील शहरात काही कामाला आले होते, ते मला शोधत ऑफिसला आले. दुसऱ्याच्या बांधीत अधियाने धान करणारा माणूस. खुर्चीवर बसले नाहीत. म्हणाले, "भाऊ, पोट्ट्याचं यात काही होते का? कुठं पाठवा लागते?"

मी म्हणालो, "पाहतो ना."

आता थोडं दुसऱ्या टोकाकडे जाऊ.

महाराष्ट्र एक्सप्रेस गोंदियाहून निघते आणि कोल्हापूरला थांबते. एका राज्याच्या आत इतकं लांब धावणारी अशी दुसरी गाडी दाखवणं कठीण. तेराशे किलोमीटरच्या वर, एक रात्र मधात. त्या टोकाच्या शहरात फुटबॉल म्हणजे काय ते बाहेरच्याला सांगून पटत नाही. तिथे पेठांच्या तालमींचे फुटबॉल संघ आहेत. पाटाकडील तालीम, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, बालगोपाल. शाहू स्टेडियमवर या तालमींचा सामना असला की हजारो माणसं जमतात. आपल्याकडे मंडईला जेवढा जीव लावतात, तेवढा तिथे फुटबॉलला.

त्याच कोल्हापुरातला अनिकेत जाधव. जन्म जुलै २००० चा. वडील रिक्षा चालवायचे. पोरगा चांगला खेळतो हे कुणाच्या तरी ध्यानात आलं आणि तो पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला. ही राज्य सरकारची योजना आहे. राहणं, जेवण, शाळा आणि प्रशिक्षण सरकारी खर्चाने. ६ ऑक्टोबर २०१७ ला दिल्लीच्या नेहरू स्टेडियमवर अमेरिकेविरुद्ध भारताचा संघ उतरला, तेव्हा हा रिक्षावाल्याचा पोरगा त्यात होता. फिफाच्या कुठल्याही वर्ल्ड कपमध्ये भारत खेळत होता, हेच पहिल्यांदा घडत होतं. आपण हरलो. अमेरिकेकडून ०-३, कोलंबियाकडून १-२, घानाकडून ०-४. पण कोलंबियाविरुद्ध तो एक गोल झाला, मणिपूरच्या जिक्सन सिंगचा, तेव्हा आमच्या घरी टीव्हीसमोर आम्हीही ओरडलो होतो.

पुढे अनिकेत इंडियन अॅरोजकडून आय-लीग खेळला. २०१९ मध्ये इंग्लंडला ब्लॅकबर्न रोव्हर्सकडे सरावाला जाऊन आला. मग जमशेदपूर, मग हैदराबाद, असे इंडियन सुपर लीगचे क्लब. २०२२ मध्ये देशाच्या मोठ्या संघाची जर्सीही अंगावर आली. तो काही मेस्सी झाला नाही. कधी संघात, कधी बाकावर, करार संपला की दुसरा क्लब. पण खेळ हेच त्याचं काम झालं आणि त्यावर घर चाललं. रिक्षावाल्याच्या पोरासाठी ही लहान गोष्ट नाही.

तुम्ही म्हणाल, कोल्हापूरचं सोडा, तिथे राजाश्रय होता, परंपरा होती. मग गोंदियाचंच सांगतो.

२००९ पासून २०२२ पर्यंत अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष कोण होते? आपले प्रफुल्ल पटेल. सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप भारतात झाला तो त्यांच्याच काळात, हे श्रेय त्यांना द्यायलाच पाहिजे. २०१९ मध्ये ते फिफाच्या कौन्सिलवर निवडून गेले, असे पहिले भारतीय. मे २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने महासंघाचा कारभार प्रशासकांच्या समितीकडे दिला, ऑगस्टमध्ये फिफाने भारताला काही दिवस निलंबित केलं, तो सगळा वादही आपण वाचला आहे. त्यावर ज्याचं त्याचं मत असेल. मला आज त्यांच्याबद्दल नाही, माझ्याबद्दल बोलायचं आहे.

देशाच्या फुटबॉलची खुर्ची तेरा वर्षं आपल्या जिल्ह्याच्या माणसाकडे होती. त्या तेरा वर्षांत मी किती पत्रपरिषदा केल्या असतील, सगळ्या पक्षांच्या, मोजदाद नाही. धानाचा बोनस विचारला, बिरसीचं विमानतळ विचारलं, रेल्वेचे थांबे विचारले, कोण कुणाच्या गटात ते तर रोजच विचारलं. फुटबॉलवर एकाही नेत्याला, एकाही अधिकाऱ्याला एक प्रश्न विचारला नाही. 'साहेब, आपल्या जिल्ह्यातला पोट्टा या खेळात पुढे जायचा असेल तर त्याने पहिली पायरी कुठे चढायची?' एवढं साधं वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. पोहे खाल्ले, प्रेसनोट घेतली, घरी आलो.

फुटबॉल मी पाहायला लागलो तो २०२१ मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर. मुलगा रात्री युरो कप लावायचा. १२ जूनला डेन्मार्क आणि फिनलंडचा सामना होता, कोपनहेगनला. डेन्मार्कचा मिडफिल्डर क्रिस्टियन एरिक्सन खेळता खेळता कोसळला. हृदय बंद पडलं होतं. सहकारी खेळाडू त्याच्याभोवती पाठ करून कडं करून उभे राहिले. डॉक्टरांनी मैदानातच छाती दाबली, विजेचा झटका दिला, तेव्हा तो परत आला. ती दोन महिने आपण सगळ्यांनी काय पाहिलं होतं ते सांगायला नको. ऑक्सिजनसाठी धावलेले आम्ही बाप-लेक ते पाहून एक शब्द बोललो नाही.

नंतर त्या माणसाचं मी शोधून शोधून वाचलं. छातीत यंत्र बसवलं म्हणून इटलीच्या नियमांत तो बसेना, तेव्हा इंटर मिलान सुटलं. आठ महिन्यांनी, फेब्रुवारी २०२२ मध्ये, तो इंग्लंडच्या ब्रेंटफर्डकडून पुन्हा मैदानात उतरला. मग मँचेस्टर युनायटेड. २०२४ च्या युरोत त्याने गोलही केला. २०२५ मध्ये, तेहतीस वर्षांचा असताना, जर्मनीच्या वोल्फ्सबुर्गमध्ये गेला.

पण मला सगळ्यात जास्त लागलं ते त्याचं गाव. मिडेलफार्ट. लोकसंख्येने आपल्या तिरोड्यापेक्षा लहान. त्या गावाच्या क्लबात हा लहानपणापासून खेळला, त्याचे वडीलच तिथे पोरांना शिकवायचे. तेराव्या वर्षी जवळच्या ओडेन्स शहराच्या क्लबात. सोळाव्या वर्षी हॉलंडच्या अयाक्सकडे. अठराव्या वर्षी २०१० च्या वर्ल्ड कपमधला सगळ्यात लहान खेळाडू. गाव, मग तालुक्याएवढं शहर, मग परदेश. प्रत्येक पायरीवर उभं राहिलं की पुढची दिसते. अंगातला खेळ त्याचा स्वतःचा, त्यात शंका नाही. पण पायऱ्या त्याने बांधल्या नव्हत्या. त्या आधीपासून होत्या, आणि त्याच्या बापाला माहीत होत्या.

आपल्या बांधीतल्या बापाला माहीत नव्हत्या. म्हणून तो माझ्याकडे आला होता.

आता जे लिहितो ते आठ वर्षं कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही.

तो माणूस येऊन गेल्यावर काही महिन्यांनी माझ्याकडे एक प्रेसनोट आली. क्रीडा प्रबोधिनीच्या प्रवेशासाठी निवड चाचणी. तारीख, मैदान, वयाची अट, लागणारे कागद. अर्ध्या पानाची नोट. मी ती बातमी केली, पानात लावली. संध्याकाळी एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाची जाहिरात आली, मोठी. जागा करायला काय काय काढायचं ते मी ठरवत होतो. ती बातमी मी काढली. कुणी सांगितलं नव्हतं, मीच काढली. उद्या लावू म्हटलं. उद्या दुसरं काही आलं. चाचणी होऊन गेली.

शाळेच्या गुरुजींचा नंबर माझ्या मोबाइलमध्ये होता. एक फोन लागत होता. मला त्या पोट्ट्याची आठवणही झाली नाही, हे जास्त वाईट.

तो निवडला गेला असता का? काय माहीत. चाचणीला शेकडो येतात, घेतात थोडे. कदाचित पहिल्याच दिवशी परत आला असता. पण परत येण्यासाठी आधी जावं लागतं. ते जाणं त्याच्या वाट्याला आलं नाही आणि त्यात माझा हात आहे.

स्टेशनवर हे सगळं माझ्या डोक्यात चाललं होतं आणि तो हसून सांगत होता. दहावी झाली, आयटीआय केलं, चाकणला कंपनीत आहे, बहिणीच्या लग्नाला आलो होतो. मी विचारलं, "खेळतोस का अजून?" तर म्हणाला, "रूमवर पोट्टे क्रिकेट खेळतेत, तेच. तुमचा तो पेपर मायनं जपून ठेवला आहे भाऊ. मी कोपऱ्यात आहो त्यात, अर्धाच दिसतो."

मी घरी येऊन जुनी फाइल काढली. खरंच आहे. मधोमध पाहुणे, पांढरा बूट, हवेत बॉल. डाव्या कडेला एक खांदा आणि एक अनवाणी पाय. फोटो मीच कापला होता, चौकटीत बसावा म्हणून.

ज्या गाडीने तो गेला तीच गाडी त्याला बाराव्या वर्षी पुण्याला नेऊ शकली असती.

आता कामाचं. माफी मागून हे भागत नाही, म्हणून तीन गोष्टी.

एक. क्रीडा प्रबोधिनी असो, शालेय स्पर्धा असो की कुठल्याही खेळाची निवड चाचणी, मला मिळालेली प्रत्येक सूचना मी याच पेजवर पूर्ण टाकणार. तारीख, ठिकाण, वय, कागद. जन्माचा दाखला, आधार, शाळेचं बोनाफाइड आतापासून काढून ठेवा, ऐन वेळी यातच पोरं अडकतात.

दोन. मी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला आहे. गेल्या दहा वर्षांत आपल्या जिल्ह्यात निवड चाचण्या किती झाल्या, किती मुलं आली, त्यातली देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावची किती. तीस दिवसांची मुदत असते. उत्तर जसं येईल तसं इथे टाकीन, चांगलं असेल तर चांगलं म्हणून.

तीन. हे तुमच्यासाठी. तुमच्या गावात असा एखादा पोट्टा किंवा पोट्टी असेल, बॉल येण्याआधी मान वळवून पाहणारी, तर गुरुजींना सांगा, मला मेसेज करा. शिक्षक मंडळींनो, तुम्हाला तर हात जोडून सांगतो. पोराचं नाव कमेंटमध्ये टाकू नका, मेसेजमध्येच टाका. मी "पाहतो ना" म्हणणार नाही. काय झालं ते आठ दिवसांत कळवीन. नाही कळवलं तर याच पोस्टखाली येऊन विचारा.

त्या पोट्ट्याला ही पोस्ट पाठवली आहे. आधी त्याला सगळं फोनवर सांगितलं. थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "माझ्या बाबाले नका सांगू भाऊ. ते अजून म्हणतेत, पेपरवाल्या भाऊनं लई प्रयत्न केला होता म्हणून."