देश होण्याआधीचे सुवर्णपदक

ऑक्टोबर १९६४. टोकियो ऑलिंपिकच्या नौकाशर्यती राजधानीपासून दूर, सागामी उपसागरात, एनोशिमा बेटाच्या नव्या बंदरातून चालल्या होत्या. ‘स्टार’ वर्गात सतरा नौका होत्या. अमेरिका आणि स्वीडन यांना मागे सारून त्यात पहिले आले ते डर्वर्ड नोल्स आणि सेसिल कुक. देश : बहामा. त्या बेटांचे हे पहिलेच ऑलिंपिक सुवर्णपदक.

पण ‘देश’ हा शब्द येथे जरा सैलपणे वापरावा लागतो. १९६४ साली बहामा ही ब्रिटनची वसाहत होती. अंतर्गत कारभाराची स्वायत्तता मिळून वर्षही पुरे झाले नव्हते. निळ्या ध्वजाच्या कोपऱ्यात युनियन जॅक होता आणि स्वतःचे राष्ट्रगीत अजून नऊ वर्षे दूर होते. पदक आधी आले, देश नंतर झाला. नोल्स यांचे सारे आयुष्य या उलट्या क्रमाभोवती फिरत राहिले.

फ्लोरिडाच्या आग्नेयेला उथळ, निळ्या-हिरव्या पाण्यात पसरलेली सुमारे सातशे बेटे म्हणजे बहामा. १९६३च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या १ लाख ३० हजारांच्या घरात होती. आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याएवढी. या बेटांवर होडी हा छंद नव्हता. मासे, भाजीपाला, टपाल, पाहुणे सारे होडीनेच येत-जात. पाण्याच्या रंगावरून खोली ओळखणे हे तिथे अक्षरओळखीइतकेच आवश्यक.

नोल्स यांचा जन्म २ नोव्हेंबर १९१७चा. पोटापाण्याचा व्यवसाय नासाऊ बंदरातील पायलटचा. पायलट म्हणजे बाहेरून आलेल्या मोठ्या जहाजावर चढून, स्थानिक वारा, प्रवाह आणि खडक यांच्या माहितीच्या बळावर ते सुखरूप धक्क्याला लावून देणारा वाटाड्या. दिवसा इतरांची अजस्र जहाजे हाकायची आणि सवड मिळाली की स्वतःची चिमुकली शिडाची नौका.

‘स्टार’ ही १९१० साली आराखडा तयार झालेली, जेमतेम सात मीटर लांबीची, दोघांनी चालवायची नौका. अंगाच्या मानाने शीड अवाढव्य. सुकाणू एकाच्या हाती. दुसऱ्याने वाऱ्याने कललेली नौका सावरण्यासाठी काठाबाहेर अंग झोकून द्यायचे. वारा वाढला की ती बेबंद घोड्यासारखी उधळते. १९३२ ते २०१२ या काळात १९७६चा अपवाद वगळता ती प्रत्येक ऑलिंपिकमध्ये होती, आणि तिच्यात तरबेज होणे ही खलाशांमध्ये मानाची गोष्ट समजली जाई. नोल्स आणि त्यांचे जोडीदार स्लोन फॅरिंग्टन यांनी १९४७ साली या वर्गाचे जागतिक अजिंक्यपद मिळवले.

पुढच्याच वर्षी लंडनचे ऑलिंपिक होते. जगज्जेते असूनही या दोघांना स्वतःच्या बेटांच्या नावाने उतरता येईना, कारण बहामाची ऑलिंपिक समितीच नव्हती. ते ग्रेट ब्रिटनकडून खेळले. टॉर्बेच्या पाण्यात त्यांना चौथे स्थान मिळाले. पदक एका पायरीने हुकले.

१९५२ साली हेलसिंकीत बहामाचे नाव प्रथमच सहभागी संघांच्या यादीत आले. १९५६ साली मेलबर्नमध्ये याच जोडीने कांस्यपदक मिळवले. बहामाचे हे पहिले ऑलिंपिक पदक. त्यानंतरच्या रोम ऑलिंपिकमध्ये, म्हणजे नौकाशर्यतींपुरते नेपल्सच्या समुद्रात, हाती काही लागले नाही.

मग एनोशिमा. तेव्हाची गुणपद्धती आजच्या वाचकाला चक्रावून टाकेल अशी होती. गुण लॉगॅरिथमच्या सूत्राने ठरत, सात शर्यतींपैकी उत्तम सहा धरल्या जात. पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकात ३०१ गुणांचे अंतर. पुढे ते झपाट्याने आकसत जाई. सात शर्यतींअखेर नोल्स आणि कुक यांचे गुण होते ५६६४, तर रौप्यविजेत्या अमेरिकी जोडीचे ५५८५. फरक ७९ गुणांचा. याच सूत्राने, एखाद्या शर्यतीत पाचवे येणे आणि सहावे येणे यांत नेमका एवढाच फरक पडतो. आठवडाभराच्या झुंजीअखेर सुवर्ण आणि रौप्य यांच्यात उरले ते एवढेच.

या विजयाला एक सावलीही आहे, आणि तिच्याकडे डोळेझाक केली तर ही कथा अर्धवट राहील. नोल्स गोरे होते. बहामाची बहुसंख्य प्रजा कृष्णवर्णीय, आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांची वंशज. राज्यकारभार आणि व्यापार मात्र नासाऊच्या बे स्ट्रीटवरील मूठभर गोऱ्या घराण्यांच्या हाती. सार्वजनिक जागांतील वर्णभेदाविरुद्धचा ठराव विधिमंडळात आला तो १९५६ साली. स्त्रियांनी प्रथम मतदान केले ते १९६२ साली. शर्यतीच्या नौका आणि यॉट क्लब हे याच वरच्या थराचे जग. तेव्हा पदकावर नाव बहामाचे असले, तरी ते सर्वांना सारखेच आपले वाटले असेल असे गृहीत धरणे भाबडेपणाचे ठरेल.

त्याच टोकियोत बहामाचा आणखी एक गुणी खेळाडू होता : कृष्णवर्णीय धावपटू टॉम रॉबिन्सन. १९५८च्या कार्डिफ राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने २२० यार्डांचे सुवर्ण जिंकले होते. टोकियोत त्याने १०० मीटरच्या अंतिम फेरीपर्यंत मजल मारली. आठ जणांच्या त्या रांगेत उभे राहणे हीच केवढी गोष्ट! पण धावता धावता मांडीचा स्नायू दुखावला आणि तो शेवटचा आला. एकाच संघातील दोन माणसे, एकाच पंधरवड्यातील दोन कहाण्या. नासाऊच्या राष्ट्रीय स्टेडियमला आज रॉबिन्सनचे नाव आहे, हे फार योग्य झाले.

पुढे इतिहासाचा वेग वाढला. १० जानेवारी १९६७ला बहुसंख्याकांचे सरकार आले, लिंडन पिंडलिंग यांच्या नेतृत्वाखाली. १० जुलै १९७३ला बहामा स्वतंत्र झाला. अबाको बेटावरील अनेक गोऱ्या रहिवाशांना हे स्वातंत्र्य नको होते. आम्हाला ब्रिटनच्याच छत्राखाली राहू द्या, असे अर्ज त्यांनी केले होते.

नोल्स दरम्यान १९६८ साली अकापुल्कोत आणि १९७२ साली कीलमध्ये उतरले होते. कीलला ते चोपन्न वर्षांचे होते. पदक नव्हते. पायलट बंदरात परतला, आता गोष्ट संपली, असे कोणालाही वाटले असते.

१९८८ साली सोल ऑलिंपिकच्या नौकाशर्यतींसाठी बुसानमध्ये बहामाची ‘स्टार’ पाण्यात उतरली, तेव्हा तिच्या सुकाणूवर सत्तर वर्षांचे डर्वर्ड नोल्स होते. सोबतीला स्टीव्हन केली. लंडन ते सोल, चाळीस वर्षे, आठ ऑलिंपिक. डेन्मार्कचे थोर नौकापटू पाउल एल्व्हस्ट्रॉम यांचाही हाच हिशेब : पहिले १९४८, शेवटचे १९८८, एकूण आठ.

नोल्स यांच्या आठांची मांडणी मात्र न्यारी आहे. पहिले ब्रिटनच्या नावाने. मधली सहा एका वसाहतीच्या नावाने. दोन्ही पदके त्यांतलीच. आणि सार्वभौम बहामाच्या काळ्या, निळ्या, सोनेरी ध्वजाखाली फक्त एक, सत्तराव्या वर्षी. त्यात ते एकोणिसावे आले. पदकाची आशा धरून कोणी त्या वयात डोलकाठी उभारत नाही. नोल्स यांच्या मनात काय होते हे नोंदींत सापडत नसले, तरी ज्या देशासाठी तो देश होण्याआधीच जिंकले, त्याच्या नावाने एकदा तरी उतरायचे राहिले होते, हे वेळापत्रकावरून उघड दिसते.

स्वतंत्र बहामाचे पहिले पदक आले १९९२ साली बार्सिलोनात, फ्रँक रदरफर्डच्या तिहेरी उडीतील कांस्याने. सुवर्णासाठी २०००चे सिडनी उजाडावे लागले. ते महिलांच्या चार गुणिले शंभर मीटर रिलेत मिळाले. एनोशिमानंतर छत्तीस वर्षांनी.

नोल्स यांना १९९६ साली ‘सर’ हा किताब मिळाला. २४ फेब्रुवारी २०१८ला ते निवर्तले, तेव्हा शंभरी ओलांडलेली होती. बहामाच्या संरक्षण दलातील एका गस्ती नौकेला त्यांचे नाव आहे. तिच्याच जातीच्या दुसऱ्या गस्ती नौकेचे नाव आहे रोली ग्रे : एक्झुमा बेटांवरचा, कामाच्या लाकडी गलबतांच्या देशी शर्यती गाजवणारा कृष्णवर्णीय खलाशी.