पट्टा उतरतो तेव्हा...

मित्रमैत्रिणींनो, 'घसरणं' आणि 'उतरणं' यांत फरक काय? घाबरू नका, हा मराठीच्या पेपरातला प्रश्न नाही, थिअरी ऑफ मशीन्समधला आहे! मी पडले कॉन्व्हेंटची, मराठी शब्द तोलूनमापून वापरायची सवय नव्हती. हे दोन शब्द मात्र मला मामाच्या गाडीने शिकवले.

मामा वाईचा. पाचगणी-महाबळेश्वरची टुरिस्ट भाडी करतो. २०२४ च्या दिवाळीत, ऐन सीझनमध्ये, गाडीच्या इंजिनचा बेल्ट उतरायला लागला. गॅरेजमध्ये अजून त्याला फॅन बेल्टच म्हणतात, पण या गाडीचा फॅन विजेवर चालतो. हा पट्टा फिरवतो आल्टरनेटर, वॉटर पंप आणि पॉवर स्टिअरिंगचा पंप. म्हणजे पसरणीच्या घाटात पट्टा उतरला, की बॅटरीचा लाल दिवा लागतो, स्टिअरिंग दगडासारखं जड होतं आणि टेंपरेचरचा काटा चढू लागतो. मागे लहान मुलं बसलेली आणि पुढे वळण!

एका गॅरेजने दोनदा नवा पट्टा घातला, मग टेन्शनर बदलला. पट्टा पुन्हा उतरला. त्या रात्री मामी म्हणाली, "विकून टाका ती गाडी." कर्जाचे १४ हप्ते बाकी होते. मामा काहीच बोलला नाही.

आता आपलं वर्गातलं ज्ञान बघा. ऑयलरच्या सूत्राप्रमाणे सपाट पट्ट्याचा पुलीला १८० अंशांचा वेढा असेल आणि म्यू ०.३ धरला, तर दोन बाजूंच्या ताणांचं गुणोत्तर साधारण २.५७ पर्यंत जाऊ शकतं. त्यापुढे पट्टा घसरतो. घसरतो, उतरत नाही! सगळ्या पुली एका रेषेत आहेत हे सूत्राने आधीच गृहीत धरलेलं असतं. घसरण्यावर इलाज ताण वाढवणं. रेषच चुकली असेल तर ताण वाढवून काय होणार? उलट बेरिंगं जातील.

मामाच्या ओळखीचे एक वयस्कर मेकॅनिक आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी गाडीच्या आधी उतरलेले जुने पट्टे मागितले. "बेटा, कड बघ." एकाच बाजूची कड झिजून दोरे बाहेर आले होते. सैल पट्टा किंचाळतो, गुळगुळीत होतो. तिरका चालणारा पट्टा मात्र कडेने खातो.

मग इंजिन बंद, चावी चाचांच्या खिशात. पट्टा काढून एकेक पुली हाताने फिरवली. किरकिर नाही, लटपट नाही. पुलींच्या तोंडावर स्टीलची पट्टी लावली, तर क्रँकची पुली जराशी बाहेर! ही पुली एकसंध नसते. आत हब, बाहेर कडं आणि मध्ये रबर, क्रँकचे हादरे सोसायला. चाचांनी हबपासून कड्यापर्यंत खडूने एक सरळ रेघ मारली, पट्टा चढवला आणि मामाला घाटाच्या पायथ्यापर्यंत चक्कर मारायला सांगितली. परत आल्यावर बॉनेट उघडलं... रेघेचे दोन तुकडे! हबवरचा इकडे, कड्यावरचा तिकडे. रबर सुटलं होतं. कडं हबवर सरकत बाहेर येत होतं आणि पट्ट्याला सोबत ओढत होतं. बिचारा पट्टा! बिचारा टेन्शनर!

पुली बदलली, नवा पट्टा घातला. त्यानंतर मामाने सगळा सीझन घाट केला, पट्टा उतरला नाही. गाडी अजून दारात आहे. मामी आता पाहुण्यांना सांगते, "आमच्या चाचांनी चार आण्याच्या खडूत गाडी वाचवली."

सुट्टी संपवून होस्टेलवर आले, तर आमच्या विंगमधल्या एका मैत्रिणीची गणिताची केटी तिसऱ्यांदा राहिली होती. सगळ्यांचा सल्ला एकच : "अजून नाईट मार." म्हणजे पट्टा अजून ताण! मी तिच्या वह्या मागितल्या. गणितं पक्की होती. अडत होती ती इंग्रजीतल्या प्रश्नापाशी, कारण बारावीपर्यंत तिने गणित मराठीतून केलेलं. मग रोज रात्री जेवण झाल्यावर तासभर आम्ही फक्त प्रश्न वाचायचो, ती मला मराठी शब्द सांगायची आणि मी तिला इंग्रजी. पेपर निघाला.

तेव्हा दोस्तांनो, कोणी वारंवार रुळावरून उतरत असेल, तर त्याला आणखी ताणण्याआधी खडूची एक रेघ मारून बघा!