उंच बॉनेट

जीपचे बॉनेट व मडगार्ड बदलावयाचे ठरले म्हणजे मनुष्य प्रथम डोळ्यांचा कौल घेतो, यंत्राचा मागाहून. आमच्या पुतण्याचे तसेच झाले. त्याच्या वडिलांच्या मागे राहिलेली जीप उंच बॉनेटाची, आणि त्यास हवे होते १९४१ सालच्या युद्धकालीन विलिस जीपचे ठेंगणे बॉनेट. "काका, हे नाक खाली आल्यावाचून गाडीस रूप यावयाचे नाही," असे त्याचे म्हणणे.

हा मोह आम्हांस समजतो. ते बॉनेट इतके सपाट, की रणभूमीवर पाद्र्यांनी त्याचीच वेदी करून प्रार्थना चालविल्या. परंतु नंतरची उंची काही नटवेपणाने आलेली नव्हे. जुन्या इंजिनात हवा आत घेणारी व धूर बाहेर सोडणारी, अशा दोन्ही झडपा सिलिंडरच्या बाजूस असत. पुढे 'हरिकेन' इंजिनात आत घेणारी झडप माथ्यावर गेली. इंजिन उंचावले, आणि १९५३ च्या सीजे-३बी जीपचे बॉनेट त्याबरोबर उचलावे लागले. मुंबईच्या महिंद्र कंपनीने हीच घडण अनेक दशके चालविली. तेव्हा बॉनेट उतरवावयाचे म्हणजे इंजिनही उतरवावयाचे. आणि ते इंजिन तर आमचे बंधू दर दिवाळीस स्वतःच्या हाताने उघडून साफ करीत! शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम आहेच. मूळ घडणीशी न जुळणारे फेरफार करता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ साली बजावले आहे.

मडगार्डांच्या बाबतीत निवडीस खरी मोकळीक. फायबर हलके असते, गंजत नाही. पण घाटातल्या दगडाचा तडाखा बसला की तडकते. अ‍ॅल्युमिनियमचे वजन पोलादाच्या सुमारे तिसरा हिस्सा. मात्र खाऱ्या हवेत, जेथे ते पोलादी बोल्टास टेकते तेथेच झिजू लागते, म्हणून कोकणात हिंडणाऱ्याने ते टाळलेले बरे. पोलादी पत्रा जड खरा, आणि गंजाचा धनीही. तथापि त्यास पोचा पडला तर तालुक्याच्या गावचा कोणताही डेंटर हातोडीने तो सरळ करतो. आमचा कौल पोलादाला, आणि तोही १८ गेजच्या, म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटर जाडीच्या पत्र्याला. बॉनेटास हवेसाठी भोके पाडण्याची हौस आमच्या पावसात न केलेलीच बरी. पाणी थेट ठिणगीच्या तारांवर उतरते.

एक परीक्षा मात्र बोल्ट आवळण्यापूर्वी अवश्य करावी. पुढचे एक चाक भक्कम लाकडी ठोकळ्यावर हळूच चढवावे, सुकाणू पुरते वळवावे, आणि टायर व मडगार्ड यांच्यामध्ये हात सहज जातो की नाही ते पाहावे. मग दुसऱ्या अंगास वळवून पुन्हा पाहावे.