मुखेडच्या मातीत जॅक

मराठवाड्यात जाणारी आपल्याकडची मंडळी बहुधा वेरूळ-अजिंठ्याला हात लावून परततात. फार तर नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात माथा टेकतात. त्याच्याही पुढे बालाघाटाच्या डोंगररांगांत मुखेड नावाचे तालुक्याचे गाव आहे, आणि तेथे दशरथेश्वराचे प्राचीन शिवमंदिर आहे, हे पुण्या-मुंबईत सांगितले तर ऐकणारा मान डोलावतो आणि विषय बदलतो. त्या मंदिराच्या भिंतीवरील शिल्पे पाहायला खास सवड काढून जावे, असे माझे मत आहे. वाटेत कंधारचा किल्ला लागतो. भोवतीच्या खंदकासह तो अजून रुबाबात उभा आहे.

पण मला सांगायचे आहे ते दगडाविषयी नव्हे, मातीविषयी. मुखेड परिसरातली काळी माती ही बेसॉल्ट खडक झिजून झालेली. पाणी प्याली की ती फुगते आणि उन्हाळ्यात अशी आक्रसते की भेगांत मनगट जावे. कापूस, तूर, ज्वारी आणि आता जिकडेतिकडे सोयाबीन, ही सगळी तिचीच लेकरे. शेतकरी तिला आई म्हणतो आणि पावसाळ्यात तिच्या नावाने बोटेही मोडतो.

२०२५ च्या ऑगस्टात या तालुक्यावर आभाळ कोसळले. १७ आणि १८ तारखेच्या पावसाने लेंडी नदीकाठच्या हसनाळ, रावणगाव यांसारख्या गावांत रात्रीतून पाणी शिरले. माणसे गेली, जनावरे गेली, सुटकेसाठी लष्कराची तुकडी आणावी लागली. ही लेंडी पुढे मांजरेला मिळते. तिच्यावरील धरण हा महाराष्ट्र आणि तेलंगणा यांचा सामायिक प्रकल्प, आणि त्याचे नाव या भागात १९८० च्या दशकापासून लोकांच्या तोंडी आहे. पुनर्वसन म्हटले की पारावरचा प्रत्येक जण बोलू लागतो. ती कहाणी स्वतंत्र आहे.

माझी चुलत बहीण, आक्का, याच तालुक्यातल्या एका खेड्यात दिलेली. तिच्या घरात छातीभर पाणी आले होते. अनंत चतुर्दशी आटोपताच अंथरूण-पांघरूण, धान्य आणि मुलांची वह्या-पुस्तके घेऊन मी तिच्याकडे निघालो, ते आमच्या भाचेबुवांच्या जीपमधून.

या जीपचे थोडे वर्णन केलेच पाहिजे. दुसऱ्या महायुद्धात जन्मलेली विलीज जीप स्वातंत्र्यानंतर लवकरच मुंबईत महिंद्रांकडे जोडली जाऊ लागली. तिचे टायर उभे धरले तर सुमारे २८ इंच भरत, आणि तेवढ्यावर ती कुठेही जाई. भाच्याच्या जीपला कंपनीने ३१ इंची टायर दिले होते. त्याने ते काढून ३५ इंची बसवले आणि वर स्प्रिंगा बदलून गाडीचे अंगही उचलून घेतले. आत चढताना मला दोनदा देवाचे नाव घ्यावे लागे. पण जाताना चिखलाचे तीन ओढे तिने सहज पार केले, हे कबूल करायला हवे. दुसरी कुठलीही गाडी अर्ध्यातून परतली असती.

पंचाईत झाली ती परतताना. आक्काच्या सासूबाई, वय ऐंशीच्या घरात, चार दिवस तापाने फणफणलेल्या, छातीत घुरघुर. त्यांना मुखेडला डॉक्टरांकडे न्यायचे म्हणून मागच्या आसनावर निजवले होते. गाव सोडून दोन कोस आलो असू, तोच गाडरस्त्यातल्या एका धारदार दगडाने मागचे डावे टायर बाजूने कापले. गाडी तिरपी होऊन उभी राहिली. पश्चिमेला ढग चढत होते आणि पुढे एक ओढा बाकी होता.

मोठ्या टायरांची खरी गंमत ती पंक्चर झाल्यावर कळते. गाडीबरोबर येणारा लहान जॅक मूळच्या चाकांच्या मापाचा असतो. टायर चार इंच मोठे झाले की आस, म्हणजे ॲक्सल, दोन इंच वर जाते. आता या जॅकची पुरी उंची जेमतेम आसेपर्यंतच पोहोचते. चाक जमिनीपासून सुटायचे तर आणखी वर जायला हवे. म्हणून हौशी लोक चार फूट उंचीचा भोकाभोकांचा लोखंडी जॅक बाळगतात. अमेरिकेत इंडियाना राज्यात असले जॅक १९०५ पासून बनत आले आहेत. दांडा खालीवर करावा, तशा दोन खिळी भोकाभोकातून वर चढतात आणि गाडी उचलली जाते. भाच्याने तोच काढला आणि मागच्या बंपरखाली लावला.

गाडीचे अंग वर जाऊ लागले, पण चाक मात्र जमिनीवरच! स्प्रिंगा सैल होऊन लांबत होत्या. अंग फूटभर उचलले तरी आस जागची हलेना. अशा वेळी पट्ट्याने आस चौकटीला आवळून बांधतात, म्हणजे अंगाबरोबर चाकही उठते. पट्टा भाच्याच्या पुण्याच्या घरी होता.

एवढ्यात शेजारच्या वावरातून एक गृहस्थ आले. साठीचे असावेत, डोक्याला पटका, हातात कुदळ.

"काय करायलाव दादा?" त्यांनी विचारले. "आन् माय आतच बसलीय व्हय? आधी तिला उतरवा."

आजीबाई उतरायला तयार नव्हत्या. "मी काय जड हाय का?" त्या कण्हत म्हणाल्या. शेवटी आक्काने आणि मी त्यांना घोंगडीवर घालून बांधावर नेले. गृहस्थांनी पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावले आणि सुटे चाक गाडीच्या चौकटीखाली आडवे सरकवले. "हात घालू नको आत," त्यांनी भाच्याला बजावले.

भाचा म्हणाला, "काका, दोनच दांडे मारतो." दुसऱ्या दांड्याला जॅकचा पाय मातीत तिरपा घुसला. उंच जॅक डोलला, सटकला आणि दांडा भाच्याच्या कानाजवळून सणकन गेला. जीप धाडकन खाली आली ती त्या सुट्या चाकावर. ते तिथे नसते आणि भाच्याचा हात तिथे असता तर काय झाले असते, याचा विचार आम्ही तिघांनीही मनातच केला. आक्काने बांधावरून विचारले, "काय वाजलं?" मी म्हणालो, "काही नाही."

हिशेब साधा आहे. त्या जॅकचा तळ सुमारे सात इंच लांब आणि चार इंच रुंद. त्यावर सहाशे किलोंचा भार आला, तर एका चौरस इंचावर एकवीस किलो पडतात. ओली काळी माती ते काय पेलणार!

गृहस्थ काही न बोलता वस्तीकडे गेले आणि मुलाच्या मदतीने एक दार उचलून घेऊन आले. जुने, जाड सागवानी दार, कड्यांसह. पुरात चौकटीतून निखळलेले.

"अहो, हे घराचं दार!" मी म्हणालो.

"पुसून बसवतो की पुन्हा. भिंत उभी राहू द्या आधी."

दार चिखलात आडवे पडले. त्यातले तीन चौरस फूट जरी भार पेलू लागले, तरी चौरस इंचाला दीड किलोसुद्धा येत नाही. वावरात उभ्या माणसाच्या तळपायाखाली जवळपास तेवढाच दाब असतो. दारावर आता लहान जॅक ठेवला, तोही बंपरखाली नव्हे, थेट आसेखाली. टायर बसल्यामुळे आस खाली आली होती, म्हणून तो आत मावला. दार किंचित दबले आणि थांबले. जॅक पुरा वर गेला, नट सुटले, फाटके चाक निघाले.

आणि हवा भरलेले चाक बसेना! तीन बोटे कमी पडत होती. फाटके टायर चेपलेले असते, फुगलेल्याला जास्त जागा लागते. जॅकची उंची तर संपलेली. भाच्याने कपाळाला हात लावला. गृहस्थांना मात्र त्यात काहीच विशेष वाटले नाही.

"गाडी वर येईना तर जमीन खाली न्या," म्हणत त्यांनी आसेखाली दोन ओंडके टेकू म्हणून रचले, आणि चाकाच्या जागेची माती कुदळीने ओढू लागले. ज्या चिखलाने जॅक गिळला, तोच लोण्यासारखा निघत होता. पाच मिनिटांत वीतभर खड्डा झाला. तिघांनी मिळून ते जड चाक खड्ड्यात उभे केले, आणि ते खिळ्यांवर अलगद बसले.

नट आवळून होईतो थेंब पडू लागले. आजीबाईंना पुन्हा आत निजवले. मी खिशात हात घातला, तसे गृहस्थांनी मान हलवली. आक्का म्हणाली, "दादा, त्यांना वह्या दे, धाकटीची शाळा सुरू झालीय." उरलेल्या सहा वह्या त्यांच्या मुलाच्या हाती दिल्या. दार त्यांनी गवताने पुसले आणि डोक्यावर उपडे घेतले. पावसात त्याची छत्री झाली.

ओढ्याला गुडघाभर पाणी आले होते, पण मोठ्या टायरांनी तेथे आपली किंमत वसूल करून दिली. मुखेडला डॉक्टरांनी छाती तपासली, न्यूमोनिया म्हणाले आणि लगेच सलाईन लावले. सकाळपर्यंत ताप उतरला. आजीबाईंनी चहा मागितला आणि "गाडीतून उतरवलं कोणी मला?" म्हणून आक्काला फैलावर घेतले.

भाचेबुवा त्या सकाळी आमच्याआधी उठून बाहेर पडले होते. परतले ते लाकडाच्या वखारीतून दीड फूट रुंद, दोन फूट लांब जाड फळी, तीन ठोकळे आणि नवी कुदळ घेऊन.