टेबलावरचे माथेरान

पत्नी गेल्यावर आजोबा व्हाइटफील्डला मुलाकडे कायमचे राहायला आले आणि प्लायवूडवर नेरळ-माथेरानचा मार्ग उभारू लागले. "आता गाडी-गाडी खेळायची का, बाबा?" सूनबाई हसल्या.

१९०७ साली सुरू झालेली ती गाडी दोन फुटी रुळांवर धावते. सत्त्याऐंशी पटींनी लहान करायची, तर रूळ सात मिलिमीटरचे हवेत. बाजारात मिळाले नऊचे. आजोबांनी ही तडजोड मानली. पण वळणांवर गाडी सारखी घसरे.

"वळणं मोठी करा ना," नातू म्हणाला.

"मग ते माथेरान कसलं? तिथल्या जुन्या वाफेच्या इंजिनांची चाकंच वळणाबरोबर वळत."

शेवटी दोघांनी आखूड इंजिन लावले. गाडी वळली.

त्या मार्गावर बोगदा एकच, 'वन किस टनेल'. तिथे आजोबा गाडीचा वेग अगदी कमी करीत.

"इथं हळू का?"

"लग्नानंतर तुझ्या आजीला घेऊन गेलो होतो. बोगदा फार लवकर संपला."

सूनबाई या वेळी हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी घर झाडताना त्यांनी बोगद्यावरची धूळ मऊ ब्रशने हलकेच काढली.