पेणचा कारखाना आणि पडद्यावरची एक ओळ

१/ संगणकाचा पडदा आपल्या सोयीने मांडू देणाऱ्या मुक्त स्रोत साधनांचा इतिहास आजच्या धाग्यात सांगणार आहे. त्यात माझी स्वतःची एक चूकही आहे. ती यथावकाश येईल. सुरुवात मात्र पेणच्या एका गणपती कारखान्यापासून करावी लागेल.

२/ मी रोह्यास राहतो. काका पेणला मूर्ती घडवतात. रोह्याहून दिव्याच्या गाडीत बसावे, नागोठणे आणि कासू मागे टाकावे, की पेण येते. काकांची हयात आखणीत गेली. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रेखणे. कारखान्यातले सर्वांत जोखमीचे काम. आता त्यांच्याच डोळ्यांना बारीक अक्षर दिसेनासे झाले आहे.

३/ कारखान्यात एक जुना संगणक आहे. मूर्ती किती उंचीची, कोणत्या गावी जायची, आगाऊ रक्कम किती आली, याच्या नोंदी त्यावर होतात. काकांची सून बारीक अक्षरांत नोंदी करते. काका वाचायला बसले, की अक्षरे मोठी करून घेतात. त्यासाठी मी त्यावर मराठीतले लिनक्स आणि पडद्याची मांडणी बदलणारे एक छोटे साधन बसवून दिले होते.

४/ अशा वेगळ्या साधनाची गरज मुळात का पडली? लिनक्सवरील पडद्याच्या दोन मोठ्या प्रकल्पांपैकी केडीई १९९६ साली सुरू झाला आणि ग्नोम १९९७ साली. दोन्ही मुक्त. परंतु स्वभाव वेगळे. केडीईने वापरणाऱ्याच्या हाती भरपूर कळा दिल्या. ग्नोमने २००२ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून त्या कमी करण्याचा मार्ग धरला.

५/ त्यामागे विचार होता. प्रत्येक जादा पर्यायाची किंमत मोजावी लागते: तो तपासावा लागतो, समजावून सांगावा लागतो, आणि पर्यायांच्या गर्दीत नवखा माणूस हरवतो. हे न पटणारेही पुष्कळ होते. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली ग्नोमवर जाहीर टीका केली आणि लोकांनी केडीई वापरावे असे सुचवले.

६/ खरा भडका एप्रिल २०११ मध्ये उडाला. ग्नोमची तिसरी आवृत्ती आली आणि खिडकी लहान-मोठी करण्याची बटणे मुळातूनच दिसेनाशी झाली. संगणक बंद करण्याचा पर्यायसुद्धा ऑल्टची कळ दाबून धरल्याखेरीज दिसत नसे! जुनी घडी मोडल्याने रुष्ट झालेल्यांतून माटे आणि सिनॅमन हे नवे पडदे उभे राहिले.

७/ त्याच वर्षी ‘ग्नोम ट्वीक टूल’ आले. अधिकृत सेटिंग्जमध्ये न दिलेले पर्याय एका जागी आणून ठेवणे, एवढेच त्याचे काम. बटणे परत आणा, फॉन्ट बदला, अक्षरे मोठी करा. एका अर्थी हा घराचा मागचा दरवाजा होता, आणि तो घरातल्याच माणसांनी उघडा ठेवला होता. २०१७ साली त्याचे नाव नुसते ‘ट्वीक्स’ झाले.

८/ अशा साधनांनाही वय होते. खिडक्या आणि बटणे रेखणारा जीटीके हा संच चौथ्या आवृत्तीत गेला तो डिसेंबर २०२० मध्ये. ग्नोमच्या नव्या रूपाची लिबअद्वैता ही जोडसंहिता २०२१ च्या अखेरीस पक्की झाली. ट्वीक्स या नव्या पायावर आले २०२४ मध्ये. इतरही अनेक साधनांची डागडुजी याच काळात झाली. जुना पाया सोडणे हा केवळ हौसेचा मामला नव्हता. दाट ठिपक्यांचे पडदे आणि लहान-मोठ्या खिडक्या यांसाठी ते आवश्यकही होते.

९/ आता मराठीची बाजू. २००० नंतरच्या दशकात स्वयंसेवकांनी आणि पुण्यातील संगणक व्यावसायिकांनी हे पडदे मराठीत आणले. रेड हॅटने २००४ साली लोहित हे फॉन्ट मुक्त केले. परंतु अनुवादाची खरी यंत्रणा पडद्यामागे असते. तिचे नाव गेटटेक्स्ट. १९९० च्या दशकापासून ती जगभर वापरात आहे.

१०/ तिचे काम सोपे आहे. एका फाईलमध्ये मूळ इंग्रजी वाक्य आणि त्याखाली मराठी वाक्य. मराठी वाक्य शोधण्याची किल्ली म्हणजे ते इंग्रजी वाक्यच. इंग्रजीतला एखादा शब्द, एखादे अक्षर जरी बदलले, तरी किल्ली बदलते. मग जुन्या मराठी ओळीवर ‘फझी’ म्हणजे संशयित अशी खूण पडते. माणसाने पाहून ती खूण काढेपर्यंत संशयित ओळ पडद्यावर येत नाही. तिच्या जागी इंग्रजी दिसते.

११/ आता माझी कबुली. काकांच्या संगणकावरचे ते साधन नवे रूप घेत होते, तेव्हा मी हौसेने सूचना पाठवत होतो. ‘स्केलिंग फॅक्टर’ हे नाव बोजड आहे, त्याऐवजी ‘टेक्स्ट साइज’ करा, अशी एक माझी सूचना. ती स्वीकारली गेली. मला फार आनंद झाला. त्या एका बदलाने जगातल्या सर्व भाषांतली ती ओळ संशयित झाली, हे मला कळत असूनही माझ्या मनात आले नाही.

१२/ नवी आवृत्ती मीच पेणला जाऊन बसवली. पडदा देखणा झाला होता: मोकळ्या जागा, गोल कोपरे, डावीकडे नीट यादी. महिन्याने गेलो, तर संगणकावर कापड होते आणि काका वहीत लिहीत होते. तक्रार काही नव्हती. मीच विचारले, तेव्हा म्हणाले, “अरे, आमची ती ओळ गेली. आता इंग्रजी दिसतं. चुकीचं काही दाबलं आणि नोंदी उडाल्या तर? सीझनच्या दिवसांत तो धोका कोण घेणार?”

१३/ मी त्यांना किल्लीची सारी गोष्ट सांगितली. ऐकून घेऊन ते म्हणाले, “आमच्याकडे नवा साचा आला, की पहिली मूर्ती आखणीवाल्यापुढे ठेवतात. डोळे कसे बसतील ते तो बघतो. मग पुढच्या मूर्ती ओततात. तुम्ही दाखवलं होतंत का कुणाला?”

१४/ मोठ्या प्रकल्पांत हा नियम आहेच. ग्नोममध्ये आवृत्ती निघण्यापूर्वी काही आठवडे पडद्यावरची वाक्ये गोठवतात. त्यानंतर परवानगीशिवाय शब्द बदलता येत नाही. तो अवधी अनुवादकांचा. पण अवधी असून उपयोग काय, जर त्या भाषेच्या फाईलपाशी कोणी बसलेलेच नसेल? मी इंग्रजी ओळ सुधारायला बसलो होतो. मराठी फाईल उघडलीच नव्हती.

१५/ त्या रात्री ती उघडली. जुना अनुवाद होता ‘प्रमाणन घटक’. काकांना विचारले, याचा अर्थ कळत होता का? ते हसले. “छे! वरून चौथी ओळ आणि उजवीकडचं अधिकचं चिन्ह, एवढंच ठाऊक.” म्हणजे इतकी वर्षे ते शब्द वाचून नव्हे, जागा ओळखून काम करत होते. नव्या रचनेने ती जागा हलवली, आणि आधाराला असलेली लिपीही काढून घेतली.

१६/ म्हणून माझी सूचना चुकीची होती, असे मी आजही म्हणणार नाही. बोजड नाव जायलाच हवे होते. चूक एवढीच, की इंग्रजी बदलले तेव्हाच काम संपले असे मी मानले. नवे रूप देखणे झाले, म्हणजे ते पुरे झाले असे नव्हे.

१७/ संशयित ओळी एकेक करून सोडवल्या. प्रत्येक मराठी शब्द काकांना वाचून दाखवला. जिथे ते अडखळले, तिथे तो बदलला. पुढच्या खेपेस फाईल बसवली. त्यांनी चष्मा वर केला, पडद्याजवळ वाकून सावकाश वाचले, “अक्षरांचा आकार.” मग अधिकच्या चिन्हावर दोनदा टिचकी मारली आणि सुनेला हाक देऊन हमरापूरची मागणी विचारली.

१८/ वही अजून संगणकाशेजारीच आहे. ती काढायला मी सांगितलेले नाही. धागा इथे पुरा करतो. आपल्यापैकी कोणी मुक्त साधनांत इंग्रजी शब्द सुधारत असेल, तर त्याच बैठकीत मराठी फाईलही उघडावी, एवढीच विनंती.