बाण

चुडाव्यात त्याला पूर्ण नावानं कुणी हाक मारत नाही. निवडणूक आयोगाच्या कागदावर तो ‘धनुष्यबाण’. आमच्याकडं नुसता ‘बाण’. ‘औंदा बाणाचं तिकीट कुणाला?’ असंच विचारतात, पक्षाचं नाव घ्यायची गरजच पडत नाही. मतपत्रिका जाऊन यंत्रं आली त्याला वीस वर्षं झाली, तरी म्हातारी माणसं अजून ‘बाणावर शिक्का मारला’ म्हणतात. पूर्णा सोडून गाडी नांदेडकडं निघाली की लागणारं हे परभणी जिल्ह्यातलं स्टेशनाचं गाव. चुन्याच्या पांढऱ्या भिंतीवर गेरूनं काढलेला बाण मी इतकी वर्षं पाहिला, की घरातल्या थोरल्या माणसाबद्दल लिहावं तसंच त्याच्याबद्दल लिहावं लागतं. मायेनं, आणि त्याच्या चुका न झाकता.

तो शिवसेनेच्या घरात जन्मलेला नाही. सेना १९६६ ची. ढाल-तलवार, रेल्वे इंजिन, मशाल, जे मिळेल ते चिन्ह घेऊन ती लढली. १९८४ साली तिचे उमेदवार लोकसभेला भाजपच्या कमळावर उभे होते. बाण या घरात पक्का झाला तो १९८९ साली. त्याच साली औरंगाबादहून मोरेश्वर सावे आणि परभणीहून अशोक देशमुख लोकसभेत गेले आणि मुंबईच्या गिरणगावात वाढलेली सेना गोदाकाठी रुजली. तिकडं झारखंडात हेच चिन्ह झारखंड मुक्ती मोर्चाचं आहे. तिथं ते आदिवासींच्या खांद्यावरचं खरंखुरं हत्यार. आमच्याकडं मात्र लोकांनी त्यात रामाचा बाण पाहिला.

तो इथं एवढा का रुजला, याचं उत्तर कापसाच्या आणि ज्वारीच्या कोरडवाहू रानात शोधावं लागतं. काँग्रेसच्या वाड्यांवर कधी खुर्ची न मिळालेली पोरं गावोगाव होती. कुणाच्या घराण्यात आमदार नाही, कुणाचा कारखाना नाही, संस्था नाही. त्यांच्या हाती बाणानं भगवा दिला, शाखेची पाटी दिली, तहसीलदारापुढं मान वर करून बोलायची हिंमत दिली. हे त्याचं काम मी कधीच नाकारणार नाही.

पण त्यानंच आम्हाला ‘खान हवा की बाण?’ ही घोषणाही दिली. निजामाच्या राजवटीतून १९४८ साली सुटलेल्या मुलखात रझाकारांची आठवण म्हाताऱ्यांच्या अंगावर अजून ताजी होती. त्या जखमेवर फुंकर घालायची सोडून या घोषणेनं ती उकरली. ज्या मराठवाड्यात मोहरमच्या सवारीपुढं हिंदू घरंही नवस बोलतात, तिथं शेजाऱ्याच्या आडनावावर मत मागितलं गेलं. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायच्या प्रश्नातही सेना विरोधात उभी राहिली, आणि दलित वस्त्यांनी तो बाण आपल्या दिशेनं रोखलेला पाहिला. यश मोठं होतं, पण हा डाग त्याच्या अंगावर आहे.

आता त्याच्या नशिबातली सगळ्यात विलक्षण गोष्ट. परभणीनं बाणावर निवडून दिलेली माणसं टिकायची नाहीत. अशोक देशमुख १९९१ ला पुन्हा निवडून आले आणि पुढं काँग्रेसच्या वाटेला लागले. २००४ चे खासदार तुकाराम रेंगे पाटील २२ जुलै २००८ च्या विश्वासदर्शक ठरावाच्या वेळी पक्षादेश मोडून बसले, आणि तेही काँग्रेसमध्ये गेले. लोक चिडायचे, पण पुढच्या निवडणुकीत नव्या माणसाला उभं करून पुन्हा बाणच निवडायचे. १९९८ चा अपवाद सोडला, तर १९८९ पासून २०१९ पर्यंत दिल्लीला परभणीचा खासदार याच चिन्हावर गेला. माणूस गेला तर जाऊ दे, बाण इथंच आहे, असा त्यांचा हिशेब होता. पक्ष बदलणाऱ्यांच्या राजकारणात न बदलणारी वस्तू म्हणून ते त्याच्याकडं बघत होते.

आणि मग तोच गेला.

जून २०२२ मध्ये एकनाथ शिंदे पक्षप्रमुख उद्धव ठाकऱ्यांविरुद्ध बंड करून आमदार घेऊन सुरतेला गेले आणि सेना फुटली. ८ ऑक्टोबरला आयोगानं बाण गोठवला. १७ फेब्रुवारी २०२३ च्या निकालात तो शिंद्यांना दिला. आयोगानं आमदार-खासदारांना पडलेली मतं मोजली. शिंद्यांकडच्या ४० आमदारांच्या वाट्याला पक्षाच्या विजयी आमदारांच्या मतांपैकी ७६ टक्के मतं येत होती. कायद्याच्या चौकटीत ते बसवलं गेलं असेल. पण माणसांनी ती मतं ज्या बाणाकडं पाहून दिली, तो मोजणीत कुठंच नव्हता, असं मला आजही वाटतं. मत देणाऱ्याला कुणी विचारलंच नाही.

परभणीत या वेळी गाडी उलटी फिरली. खासदार संजय जाधव आणि परभणीचे आमदार राहुल पाटील उद्धव ठाकऱ्यांपाशीच राहिले. तीस वर्षं माणसं गेली आणि चिन्ह राहिलं होतं. आता माणसं राहिली आणि चिन्ह गेलं. हातात आली मशाल, म्हणजे सेनेची जुनीच ओळख, जिच्यावर १९८५ साली छगन भुजबळ माझगावातून आमदार झाले होते. ती चुडाव्याच्या म्हाताऱ्यांना मात्र नवी होती, आणि प्रचारातली पोरं घरोघर एकच सांगत होती: ‘बाण नाही बरं का आजी, मशाल.’

२०२४ च्या लोकसभेला शिंदे ज्यात होते त्या महायुतीनं परभणीची जागा राष्ट्रीय समाज पक्षाच्या महादेव जानकरांना सोडली. त्यांचं चिन्ह शिट्टी. शिंद्यांकडं गेलेला बाण त्यामुळं परभणीच्या यंत्रावर आलाच नाही. संजय जाधव मशालीवर १,३४,०६१ मतांनी निवडून आले.